कुशीत कळ आली की 'मुतखडा' म्हणण्याआधी

रात्री दोन वाजता कुणी कूस धरून तळमळायला लागले की घरात पहिला शब्द निघतो तो 'मुतखडा'. पुष्कळदा तो खराही असतो. पण याच जागी, जवळजवळ याच तऱ्हेने दुखणारी काही कारणे अशी आहेत की त्यांत सकाळची वाट पाहून चालत नाही: अडलेल्या मूत्रपिंडात झालेला पू, गर्भनलिकेत राहून फुटलेला गर्भ, पोटातल्या महाधमनीचा फुटलेला फुगा, पिळलेले वृषण, आतड्यामागे दडलेले अपेंडिक्स. त्यांच्यावर एकदा 'खडा' असा शिक्का बसला की पुढचा प्रत्येक जण तोच शिक्का वाचत जातो आणि पोटाला हात लावायचे राहून जाते.

हे लिखाण घरच्या माणसांसाठी आहे, आशाताई आणि परिचारिकांसाठी आहे, तसेच गावात रुग्णाला सर्वांत आधी पाहणाऱ्या डॉक्टरांसाठीही. इंजेक्शनांचे आणि औषधांचे डोस प्रौढांचे आहेत आणि ते डॉक्टरांनी द्यायचे आहेत. घरी करायच्या गोष्टी सोप्या आहेत, पण त्या वेळेवर व्हायला हव्यात.

आधी आकडे, मग रोगाचे नाव

कळ कशाची आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळले नाही तरी चालेल. माणूस किती धोक्यात आहे, हे मात्र त्या पाच मिनिटांत कळायलाच हवे. मोबाइलमधले घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. श्वासही पूर्ण एक मिनिट मोजा, पण रुग्णाला न सांगता, कारण सांगितले की माणूस श्वास बदलतो. ताप थर्मामीटरनेच पाहा. कपाळाला हात लावून काढलेला अंदाज फसतो. गेल्या चार-सहा तासांत तापाची किंवा दुखण्याची गोळी घेतली आहे का, हे विचाराच. घेतली असेल तर 'ताप नाही' या उत्तराला फारसा अर्थ नाही.

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट आढळली तरी १०८ ला फोन करा, पुढची तपासणी रुग्णालयात होईल:

- कळ ओसरल्यावरही नाडी १०० च्या वर
- वरचे बीपी १०० च्या खाली
- ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, विशेषतः हुडहुडी भरून
- श्वास मिनिटाला २२ च्या वर
- हातपाय गार, घाम फुटलेला, बोलण्यात गोंधळ
- दुखणे सुरू होताना किंवा नंतर घेरी येऊन पडणे
- आठ-दहा तासांत लघवीच नाही

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तरुण, धडधाकट बाईच्या पोटात रक्तस्राव होत असला तरी तिचे बीपी बराच वेळ चांगले दिसते. शरीरातले साधारण तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत शिरा आवळून शरीर बीपी टिकवून धरते आणि मग ते एकदम कोसळते. त्याच्या कितीतरी आधी नाडी वाढलेली असते. म्हणून बीपी १२० आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे मधुमेही, म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांचे पोट खोटे बोलते. आत पू झालेला असताना वरून पोट मऊ लागू शकते आणि ताप ९९ वरच राहू शकतो. या रुग्णांना पाठवण्याचा उंबरठा खाली ठेवा.

माणूस कसा पडला आहे ते पाहा

पोटाला हात लावण्याआधी दारातूनच अर्धा मिनिट नुसते पाहा. मुतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी राहूच शकत नाही. तो उठतो, बसतो, भिंतीला डोके टेकतो, पुन्हा पलंगावर लोळतो. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते. ती कुशीतून जांघेकडे, पुरुषाला वृषणात आणि बाईला योनीच्या ओठापर्यंत जाते. सोबत मळमळ, उलटी आणि वारंवार लघवीची भावना असते.

पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली असेल तर माणूस याच्या उलट वागतो. तो हलत नाही. गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, खोकला आला तरी दाबून धरतो. रिक्षा खड्ड्यातून गेली की कळवळतो. 'येताना रस्त्यात दुखणे वाढले का?' हा प्रश्न अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा उपयोगी पडतो. लहान मुलाला एका जागी उडी मारायला सांगा. ज्याच्या पोटात अशी सूज आहे ते मूल उडी मारायला तयारच होत नाही किंवा मारल्यावर पोट धरते.

निपचित पडलेल्या माणसाला मुतखडा म्हणायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी बऱ्याच चुका टळतात.

हात लावताना

छातीपासून गुडघ्यापर्यंतचे कपडे बाजूला करून तपासा, अर्थात आडोसा करून आणि बाईला तपासताना सोबत दुसरी बाई उभी ठेवून. कपड्यावरून पोट तपासण्याच्या सवयीमुळे दोन गोष्टी हमखास सुटतात: जांघेतला अडकलेला हर्निया आणि वृषणाचा पीळ.

दुखणाऱ्या जागेपासून लांब सुरुवात करा. दाबताना नजर पोटावर नको, चेहऱ्यावर हवी. पोट एखाद्या ठिकाणी आपोआप कडक होते का, हलके टिचकी मारून दुखते का, हे पाहा. खोल दाबून झटकन हात काढण्याची जुनी पद्धत रुग्णाला उगाच छळते. टिचकीने तीच माहिती मिळते. मग रुग्णाला बसवून पाठीत, शेवटची बरगडी आणि मणका यांच्या कोपऱ्यात हलका धक्का द्या. तिथे जोरात दुखले तर मूत्रपिंडाला सूज आहे, असे समजून पुढे जा.

उजव्या कुशीत दुखणाऱ्याला डाव्या अंगावर झोपवून त्याचा उजवा पाय सरळ मागे ओढा. कमरेच्या आतल्या स्नायूवर टेकलेले अपेंडिक्स सुजले असेल तर या हालचालीने कळ येते. याच स्नायूत पू साठला असेल तरीही येते. क्षयरोगाने मणका पोखरला की तिथला पू या स्नायूतून खाली उतरतो. असा रुग्ण आठवडेच्या आठवडे बारीक तापासह लंगडत असतो.

चार स्वस्त तपासण्या

सोनोग्राफीला पाठवण्याआधी दवाखान्यातच या चार गोष्टी करा. सगळ्या मिळून पंधरा मिनिटांत होतात.

पहिली, लघवीची पट्टी. रक्त सापडले तर खड्याची शक्यता वाढते, पण सिद्ध होत नाही. मूत्रनलिकेला टेकलेले सुजलेले अपेंडिक्सही लघवीत थोडे रक्त आणि पूपेशी दाखवते. उलट, दहातल्या एक-दोन खड्यांत लघवी स्वच्छ असते.

दुसरी, लघवीवरची गर्भचाचणी. साधारण १२ ते ५० वयाच्या, पोट दुखणाऱ्या प्रत्येक बाईची ही चाचणी करायची. 'पाळी नुकतीच येऊन गेली', 'नसबंदी झाली आहे', 'तांबी बसवली आहे', 'लग्न झालेले नाही', यांतले कोणतेही कारण चाचणी टाळायला पुरेसे नाही. नसबंदीनंतर किंवा तांबी असताना राहिलेला गर्भ तर गर्भनलिकेत असण्याची शक्यता अधिक असते. मुलीला आईसमोर प्रश्न विचारू नका. लघवी तपासायची आहे एवढेच सांगा आणि निकाल तिला एकटीला सांगा.

तिसरी, बोटातली साखर. रक्तातली आम्ले वाढलेला मधुमेही पोटदुखी आणि उलट्या घेऊन येतो, पोट दाबल्यावर दुखतेही. साखर २०० च्या पुढे आणि श्वास खोल, वेगाचा असेल तर लघवीत किटोन (हीच आम्ले) पाहा.

चौथी, ईसीजी. चाळिशीच्या पुढे बेंबीच्या वर दुखत असेल आणि घाम फुटला असेल तर 'ॲसिडिटी' म्हणून पातळ औषध देण्याआधी, पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पुष्कळदा पोटात दुखतो, छातीत नाही. बायांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर हे नेहमीचे.

साधा खडा असेल तर

ताप नाही, नाडी ठीक, पोट मऊ, गर्भचाचणी नकारात्मक, दोन्ही मूत्रपिंडे असलेला तरुण माणूस आणि नमुनेदार लाटेसारखी कळ. इथे आधी दुखणे थांबवा. 'दुखणे मारले तर निदान चुकेल' ही समजूत चुकीची आहे. वेदना कमी झालेल्या माणसाचे पोट उलट नीट तपासता येते.

डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅम स्नायूत, खोल, नितंबाच्या वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात. वीस-तीस मिनिटांत उतार पडतो. हे औषध इथे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांपेक्षा चांगले काम करते, कारण मूत्रपिंडातला दाब आणि नलिकेची सूज दोन्ही त्याने कमी होतात. मूत्रपिंडाचा जुना आजार, हृदयविकार, पोटात अल्सर, गरोदरपण किंवा उलट्यांनी सुकलेले शरीर असेल तर ते देऊ नका. त्याऐवजी पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून पंधरा मिनिटांत, आणि तेवढ्याने भागले नाही तर ट्रॅमाडॉल ५० ते १०० मिलिग्रॅम सावकाश, सोबत उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम. ड्रोटाव्हेरिन किंवा डायसायक्लोमिन ही पेटके सोडवणारी औषधे आपल्याकडे सर्रास देतात. त्यांचा एकट्याचा उपयोग माफक आहे, त्यांच्या भरवशावर रुग्णाला तळमळत ठेवू नका.

सलाईनच्या बाटल्या चढवून खडा खाली ढकलला जात नाही. कळ चालू असताना लोटाभर पाणी पाजल्यानेही नाही, बिअरने तर नाहीच. अडलेल्या मूत्रनलिकेमागे पाणी वाढवले की ताण वाढतो आणि उलटी होते. पाणी कळ थांबल्यावर.

तासाभरात दुखणे आटोक्यात आले नाही तर घरी पाठवू नका. आले, तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेले दिसते, मूत्रपिंडातला आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला खडा दिसतो, पण नळीच्या मधल्या भागातला बहुधा आतड्यांतल्या वायूमुळे झाकला जातो. म्हणून 'सोनोग्राफीत खडा नाही' म्हणजे खडा नाहीच असे नव्हे. खात्री हवी असेल तेव्हा रंगद्रव्य न टोचता केलेला सीटी स्कॅन. गरोदर बाईला मात्र सोनोग्राफीच.

५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. १० मिमीच्या वरचे क्वचितच. मधल्या आकाराचा खडा नळीच्या खालच्या भागात असेल तर नळी सैल करणारे टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रोज रात्री, जास्तीत जास्त चार आठवडे. त्याने बीपी उतरते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसा, असे रुग्णाला सांगा. लघवी पांढऱ्या फडक्यातून किंवा चहाच्या जुन्या गाळणीतून गाळा आणि खडा मिळाला तर डबीत कोरडा ठेवून तपासायला द्या.

सगळ्यांत जास्त नुकसान यानंतरच्या एका गैरसमजाने होते: दुखणे थांबले म्हणजे खडा पडला. तसे नसते. नळी पूर्ण अडली की काही दिवसांनी मूत्रपिंड लघवी कमी बनवू लागते, ताण उतरतो, दुखणे जाते आणि मूत्रपिंड हळूहळू मरते. खडा हातात आला नसेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी हवीच. चार ते सहा आठवड्यांत पडला नाही तर तो दुर्बिणीने काढावा लागतो.

कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, बार्लीचे पाणी यांवर घरोघरी विश्वास आहे. साधा, लहान खडा असेल तर कढण प्यायला हरकत नाही. पातळ पोटात जाते, हा त्याचा खरा फायदा. ताप असताना, एकच मूत्रपिंड असताना किंवा लघवी बंद असताना मात्र त्यावर एक दिवससुद्धा घालवू नका.

खडा अधिक ताप: इथे घड्याळ सुरू होते

या विषयात सर्वांत जास्त काळजीने समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. नळीत खडा अडकला आणि वरच्या तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले की मूत्रपिंड ही बंद तोंडाची पूची पिशवी होते. आत दाब असल्यामुळे जंतू रक्तात ढकलले जातात. शिवाय अडलेले मूत्रपिंड रक्त गाळत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेले अँटिबायोटिक त्या लघवीत पोचतच नाही. नुसत्या औषधांनी हा रुग्ण बरा होत नाही. दाब मोकळा करावाच लागतो.

फसवणूक इथेच होते: लघवीची तपासणी स्वच्छ येऊ शकते. अडलेल्या बाजूची लघवी खाली उतरतच नाही. बाटलीत आलेली लघवी दुसऱ्या, निरोगी मूत्रपिंडाची असते. 'लघवीत पूपेशी नाहीत, म्हणजे ताप व्हायरल' हा निष्कर्ष काढून रुग्ण परत पाठवला गेला तर दुसऱ्या दिवशी तो बेशुद्धावस्थेत येतो.

करायचे काय:

१. जाड सुई लावा. रक्त आणि लघवी कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) आधी घ्या, पण त्यासाठी अर्ध्या तासाहून जास्त अडू नका.

२. पहिल्या तासात शिरेतून अँटिबायोटिक. बीपी ठीक असेल तर सेफ्ट्रायॲक्सोन २ ग्रॅम. बीपी पडले असेल, रुग्ण मधुमेही असेल किंवा नुकताच रुग्णालयात राहून आला असेल, तर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम, कारण आपल्याकडचे ई. कोलाय जंतू साध्या औषधांना पुष्कळदा दाद देत नाहीत. सेफ्ट्रायॲक्सोन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट, कॅल्शियम असलेले सलाईन) एकाच नळीतून एकाच वेळी देऊ नका; कॅल्शियमबरोबर त्याचे कण बनतात.

३. बीपी पडलेल्याला आरएल किंवा सलाईन वजनाच्या किलोमागे ३० मिलि, पहिल्या तीन तासांत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. हृदय कमजोर असलेल्याला २५०-२५० मिलि करत, दर वेळी छाती ऐकत. तरीही बीपी चढले नाही तर ते चढवणारे नॉरॲड्रेनॅलिन.

४. हे चालू असतानाच मूत्ररोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात हलवा. तिथे दोनपैकी एक होते: मूत्राशयातून दुर्बिणीने डीजे स्टेंट (मूत्रनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) चढवतात किंवा पाठीतून, जागा बधिर करून, सोनोग्राफीखाली मूत्रपिंडात नळी घालतात. दोन्ही पद्धती चांगल्या. जी लवकर होईल ती करावी. खडा त्याच वेळी काढायचा हट्ट कुणी धरू नये. जंतुसंसर्ग पूर्ण ओसरल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी तो काढतात.

स्टेंट घातलेल्याला लघवीची घाई होते, लघवी करताना कुशीत ओढ लागते, अधूनमधून लघवी लालसर होते. हे अपेक्षितच आहे. पण स्टेंट शरीरात आहे हे विसरणे धोक्याचे. दुखणे गेले की माणूस कामाला लागतो, ऊसतोडीला किंवा परगावी जातो आणि स्टेंटवर खड्यासारखे थर चढत जातात. तीन महिन्यांच्या आत तो काढायचा किंवा बदलायचा असतो. काढायची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलमध्येही टाकून द्या.

मधुमेही बाईला कुशीत दुखणे, ताप आणि चार दिवस औषध घेऊनही उतार नाही, असे असेल तर मूत्रपिंडात वायू तयार करणारा संसर्ग झाला आहे का, हे पाहायला सीटी करा. सोनोग्राफीत हा वायू आतड्यातला समजून सोडून दिला जातो.

पाळी चुकली आहे किंवा चाचणी सकारात्मक आली

शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवडे, ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे काळपट रक्त. गर्भाशयात गर्भ आहे हे सोनोग्राफीत डोळ्यांनी दिसेपर्यंत तो गर्भनलिकेत आहे असेच धरून चाला. खांद्याच्या टोकाला दुखणे, झोपल्यावर वाढणे, ही खूण विशेष जपा: पोटातले रक्त श्वासपटलाला लागले की दुखते खांद्यात.

चक्कर येत असलेल्या बाईला 'मूत्राशय भरू दे' म्हणून पाणी पाजत सोनोग्राफीच्या रांगेत बसवू नका. योनीमार्गे सोनोग्राफीला रिकामे मूत्राशयच लागते. पोटावरून पाहायचे तर यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मध्ये काळी पट्टी (साठलेले रक्त) दिसते का, एवढे पाहायला एक मिनिट पुरते. दिसली आणि चाचणी सकारात्मक असेल, तर थेट शस्त्रक्रिया. दोन जाड सुया, रक्तगट, रक्ताच्या पिशव्यांची सोय, तोंडाने काही नाही. नळी फुटलेली नसेल, बाई स्थिर असेल, गर्भाच्या हार्मोनची (बीटा-एचसीजी) पातळी कमी आणि गर्भाची गाठ लहान असेल, तर गर्भाची वाढ थांबवणारे मेथोट्रेक्सेट देता येते, पण त्यासाठी चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायला येणे तिला शक्य हवे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन विसरू नका.

साठी ओलांडलेला पुरुष, पहिलीच 'खड्याची' कळ

वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेल्या, साठीच्या पुढच्या पुरुषाला आयुष्यात पहिल्यांदा खड्यासारखी कळ आली, त्यातही डाव्या कुशीत आणि घेरी येऊन, तर महाधमनीचा फुगा नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहेच. बेंबीच्या वर सोनोग्राफीचा प्रोब आडवा धरा. धमनीची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. ३ किंवा जास्त म्हणजे फुगा. अशा रुग्णाचे बीपी सलाईनने १२० ला नेऊ नका. तो बोलतो आहे, शुद्धीत आहे, तर वरचे बीपी ८०-९० पुरे. जास्त दाबाने रक्ताची गुठळी निसटून उरलेली धमनीही फुटते. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद असतील तिथेच, एका फेरीत न्या.

मुलगा पोट दुखते म्हणतो

बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला ओटीपोटात अचानक दुखून उलटी झाली तर वृषण तपासल्याशिवाय त्याला सोडू नका. मुले लाजतात, 'पोट' एवढेच सांगतात. पिळलेले वृषण वर चढलेले, आडवे, हात लावू न देणारे असते; मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर ते वर उचलले जात नाही. सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वाचते, चोवीस तासांनंतर क्वचितच. लक्षणे स्पष्ट असतील तर डॉप्लरसाठी (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी) दुसऱ्या गावी पाठवण्यात वेळ घालवू नका. जवळच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवा. मुलाने शेवटचे कधी खाल्ले ते लिहून द्या.

सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे बाळ थांबून थांबून किंचाळते, पाय पोटाशी घेते, मध्ये मलूल पडते, तर आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. लालसर शेंबडासारखी शी ही उशिराची खूण. तिची वाट पाहू नका. अशा बाळाचे पोट चोळणे किंवा चटके देणे म्हणजे वाचवता येणारे आतडे गमावणे.

अपेंडिक्स

आधी बेंबीभोवती मोघम दुखणे, भूक मेलेली, मग मळमळ, आणि बारा-चोवीस तासांत दुखणे उजवीकडे खाली उतरणे. क्रम महत्त्वाचा: आधी दुखणे, मग उलटी. बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक जोडणारी रेषा काढा. हाडापासून एक-तृतीयांश अंतरावर बोट ठेवल्यावर नेमके दुखते.

गुण मोजण्याची एक सोपी रीत १९८६ पासून वापरात आहे, डॉक्टर अल्व्हाराडो यांची. दुखणे सरकणे १, भूक नसणे १, मळमळ-उलटी १, उजव्या खालच्या बाजूला दाबून दुखणे २, हात काढताना किंवा टिचकीने दुखणे १, ताप १, पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर २, त्यांत न्यूट्रोफिल जातीच्या पेशी वाढलेल्या १. चार किंवा कमी आले तर शक्यता थोडी, सात किंवा जास्त आले तर शल्यचिकित्सक हवाच. मधल्यांना सोनोग्राफी किंवा सीटी, आणि सहा-आठ तासांनी त्याच हाताने पुन्हा तपासणी.

तोंडाने काही नाही, सलाईन, सेफ्ट्रायॲक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम, मग शस्त्रक्रिया. एरंडेल, जुलाब, एनिमा अजिबात नको. आणि तासन्‌तास दुखून एकाएकी बरे वाटले तर घरी नेऊ नका. अपेंडिक्स फुटले की ताण मोकळा होऊन थोडा वेळ असेच बरे वाटते.

पोट कडक, पोट फुगलेले

सुरी खुपसल्यासारखे एका क्षणात सुरू झालेले दुखणे आणि लाकडासारखे पोट म्हणजे जठराला किंवा आतड्याला पडलेले भोक. सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेणारे आणि टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यातले रुग्ण यात पुढे. दहा मिनिटे ताठ बसवून छातीचा एक्स-रे काढला की श्वासपटलाखाली हवेची काळी कोर दिसते. दिसली नाही तरी संशय सोडू नका.

पोट फुगले, वायू सरत नाही, हिरवट उलट्या होत आहेत तर आतडे अडले आहे. बेंबी सरकली किंवा नळ भरले म्हणून पोट चोळून घेऊ नका. जांघ आणि जुन्या टाक्यांची जागा पाहा, नाकातून नळी घाला.

पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारे, पुढे वाकून बसल्यावर जरा हलके वाटणारे दुखणे स्वादुपिंडाचे. रक्तातले लायपेज (स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य) नेहमीच्या तिपटीहून जास्त येते. सलाईन भरमसाट नको, आरएल वजनाच्या किलोमागे तासाला १.५ मिलि, शरीर सुकले असेल तरच आधी १० मिलि. कावीळ, थंडीताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणे एकत्र आले तर पित्तनलिका अडून पू झाला आहे; तिथेही मूत्रपिंडासारखाच नियम, दाब मोकळा करा.

पहाटेची पोटदुखी आणि मण्यार

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि उलटीने उठला तर मण्यार डोळ्यांसमोर आणा. तिच्या दंशाला सूज नसते, वेदना नसते, खूण पुष्कळदा दिसतच नाही. पोटदुखीवर इंजेक्शन देऊन घरी पाठवलेला असा रुग्ण दोन-चार तासांत पापण्या उचलू शकत नाही आणि मग श्वास थांबतो.

रुग्णाला मिनिटभर छताकडे पाहायला सांगा. पापण्या गळतात का पाहा. एका दमात आकडे मोजायला लावा, दर अर्ध्या तासाने. आकडा घटत गेला तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. लाळ गिळता येते का विचारा. खुणा दिसल्या तर प्रतिविषाच्या १० कुप्या सलाईनमधून तासाभरात, ॲड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम हाताशी भरून ठेवून. या विषात स्नायूंना जोर देणाऱ्या निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही. श्वास देता येणे हाच जीव वाचवणारा उपचार. पिशवीने श्वास देत देत रुग्णवाहिकेतून न्या. डोळे मिटलेला, न हलणारा रुग्ण पूर्ण शुद्धीत असू शकतो आणि सगळे ऐकत असतो, म्हणून त्याच्याशी बोलत राहा.

पाठवताना चिठ्ठीत

'पोटदुखी, पुढील उपचारासाठी' एवढी चिठ्ठी निरुपयोगी. दुखणे किती वाजता सुरू झाले, कुठून कुठे गेले. नाडी, बीपी, ताप, श्वास, साखर, प्रत्येकापुढे वेळ. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले. शेवटची पाळी आणि गर्भचाचणीचा निकाल. शेवटचे खाणे-पिणे किती वाजता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲलर्जी, एकच मूत्रपिंड आहे का. ईसीजी आणि सोनोग्राफीचे कागद सोबत द्या, नुसता तोंडी निरोप नको. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड नातेवाइकांच्या पिशवीत आत्ताच ठेवायला सांगा.

गाडी निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन करा आणि 'बेड आहे का' एवढेच विचारू नका. ज्या रोगाचा संशय आहे त्याप्रमाणे विचारा: आज रात्री स्टेंट घालणारे कोणी आहे का, शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ मिळतील का, ओ निगेटिव्ह रक्त आहे का, व्हेंटिलेटर रिकामा आहे का. उत्तर 'नाही' आले तर गाडी तिकडे पाठवू नका, लगेच दुसरा फोन लावा.